ठाण्याहून कोल्लमच्या धर्मासनापर्यंत: बिशप जॉर्डानसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौदाव्या शतकातला एक अनवाणी फिरस्ता ब्रदर. ठाणे-सोपारा पट्ट्यात राहिला, सोबत्यांना इथेच मूठमाती दिली, आणि पुढे भारतातल्या पहिल्या लॅटिन, म्हणजे रोमच्या पोपच्या पंथातल्या, धर्मप्रांताचा बिशप झाला. त्याच्याबद्दल तेच ते प्रश्न येतात आणि बऱ्याचदा तीच ती चुकीची उत्तरं फिरतात, म्हणून हे पान.

हा जॉर्डानस नक्की कोण?

पूर्ण नाव जॉर्डानस कातालानी. लॅटिन उच्चार योर्दानुस. गाव दक्षिण फ्रान्समधलं सेव्हराक. संघ डॉमिनिकन. पोप बावीसावे जॉन यांनी 1329 मध्ये त्याला कोलुम्बुमचा, म्हणजे केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं.

नावावरून दोन घोटाळे होतात. डॉमिनिकन संघाचा दुसरा प्रमुख जॉर्डन ऑफ सॅक्सनी हा वेगळा माणूस, तो 1237 मध्येच वारला. आणि ‘कोलुम्बुम’ म्हणजे कोलंबो नव्हे. पोपच्या पत्रांतलं, प्रवासवर्णनांतलं कोलुम्बुम हे मिऱ्यांचं बंदर कोल्लम आहे.

तो मठवासी होता ना? मग एवढा भटकला कसा?

काटेकोर बोलायचं तर तो मठवासी नव्हता. मराठीत आपण सरसकट ‘मठवासी’ किंवा ‘ख्रिस्ती साधू’ म्हणतो, पण मध्ययुगीन युरोपात यात दोन जाती होत्या.

बेनेडिक्टच्या नियमाने राहणारा मठवासी एका मठाला बांधलेला. तिथेच दीक्षा, तिथेच शेती, तिथेच प्रार्थनेचे तास, तिथेच मरण. स्थैर्य हे त्याचं व्रतच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे भिक्षेवर जगणारे संघ आले. डॉमिनिकन संघाला पोपची मान्यता डिसेंबर 1216 मध्ये मिळाली. इथे ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही व्रतं होती, पण माणूस मठाच्या जागेला नव्हे, संघाला बांधलेला. आज इराणातलं तब्रिझ, उद्या तिथलंच होर्मुझ बंदर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक मठातला, दुसरा परिव्राजक.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. मठवाशाला ठाण्याला पाठवायचं तर आधी त्याचं व्रत सैल करावं लागलं असतं. जॉर्डानसला पाठवायला संघप्रमुखाची आज्ञा पुरली.

तो ठाण्यात कसा पोहोचला?

ठरवून नाही. तब्रिझला त्या काळी युरोपीय ब्रदरांची घरं होती. तिथून होर्मुझ, आणि होर्मुझहून जहाज. बेत होता कोल्लमला जायचा. सोबत चार फ्रान्सिस्कन होते: टोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाचे दिमित्री. दिमित्री पुरोहित नव्हते, पण त्यांना भाषा येत होत्या. जहाजाने सगळ्यांना ठाण्यात आणून सोडलं.

होर्मुझ ते ठाणे हा प्रवास किती दिवसांचा, याचा आकडा थोड्याच काळाने त्याच वाटेने आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने दिला आहे: 28 दिवस. आणि जहाजं कशी होती ते जॉर्डानसनेच लिहून ठेवलंय. लाकडाला लाकूड जोडायला लोखंड नाही, खिळा नाही. सुई घेऊन गवताच्या दोरीने शिवलेल्या फळ्या. आकाराने मोठी, पण वरून उघडी, तक्तपोशी नाही. पाणी एवढं आत येतं की माणसं जवळजवळ सतत डबक्यात उभी राहून ते उपसत असतात. महिनाभर असं पाय भिजवत आल्यावर ठाण्याची खाडी दिसली असणार.

ठाण्यात 1321 मध्ये काय घडलं?

ठाणं तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होतं. देवगिरीचे यादव संपून फार वर्षं झाली नव्हती. शहरात मलिक, म्हणजे कारभारी, आणि काझी. ओदोरिकच्या म्हणण्याप्रमाणे नेस्तोरियन, म्हणजे रोमच्या पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांतल्या एका घरात ब्रदर उतरले.

भरूचकडे नावापुरते ख्रिस्ती असलेले लोक आहेत, त्यांना स्नानसंस्कार द्यायला कोणी जावं असं ठरलं आणि जॉर्डानस निघाला. इकडे यजमानाने बायकोला मारलं. बाईने काझीकडे तक्रार केली आणि साक्षीदार म्हणून घरातल्या पाहुण्यांची नावं सांगितली. पीटरना सामान राखायला ठेवून बाकीचे तिघे गेले. घरगुती भांडणाची चौकशी धर्मचर्चेवर घसरली. पैगंबरांविषयी काय मत आहे असं विचारल्यावर थॉमसनी जे उत्तर दिलं त्याने प्रकरण पेटलं. तिघांना मारण्यात आलं, मग पीटरना.

तारीख पक्की लावता येते. जॉर्डानस लिहितो: झावळ्यांच्या रविवाराआधीचा गुरुवार. 1321 मध्ये ईस्टर 19 एप्रिलला होता, म्हणजे झावळ्यांचा रविवार 12 एप्रिल आणि तो गुरुवार 9 एप्रिल. पीटरचा मृत्यू परंपरेने 11 एप्रिलला धरतात.

एक सावधगिरी. जेम्सना आगीत टाकलं तरी काही झालं नाही, प्रेतं 14 दिवस उन्हात पडूनही सडली नाहीत, हे ओदोरिकचं वर्णन संतचरित्राच्या साच्यातलं आहे. काझीच्या बाजूचा कागद हाती नाही. त्यामुळे वाद, चौकशी, मृत्युदंड हा सांगाडा घ्यावा. चमत्कार श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला ठेवावेत. आणि ज्या शहरात नेस्तोरियन मुसलमानांच्या शेजारी राहत होते, भांडण झालं तर त्याच काझीकडे जात होते, तिथली ही घटना ‘कायमच्या धर्मयुद्धा’चा पुरावा म्हणून वापरणं मुळीच बरोबर नाही.

जॉर्डानस त्या वेळी तिथे होता का? ‘पाच हुतात्मे’ असंही वाचलंय.

हुतात्मे चारच, आणि चारही फ्रान्सिस्कन. जॉर्डानस बाहेर होता म्हणून वाचला. बातमी कळल्यावर परतला आणि एका तरुण जिनोव्हा-वाल्याच्या मदतीने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन तिथल्या संत थॉमसच्या चर्चमध्ये पुरले. या ‘जिनोव्हा-वाल्या’वर जरा थांबा. 1321 मध्ये ठाणे-सोपाऱ्यात इटालियन पोरगा सापडत होता, वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

पुढे ओदोरिकने त्या अस्थी उकरून समुद्रमार्गे चीनला, झैतुन म्हणजे आजच्या च्वानचौ बंदरातल्या फ्रान्सिस्कन घरात नेल्या. थॉमस ऑफ टोलेंतिनो यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून पोप तेरावे लिओ यांनी 1894 मध्ये मान्यता दिली. स्मरणदिन 9 एप्रिल.

त्याची पत्रं कोणती? त्यात काय आहे?

दोन. पहिलं 12 ऑक्टोबर 1321 चं, ‘काग’ इथून लिहिलेलं. हे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं घोघा मानतात. पत्र तब्रिझ परिसरातल्या ब्रदरांना आहे. दुसरं ठाण्याहून, 20 जानेवारीचं. वर्ष 1323 की 1324 यावर मतभेद आहेत, कारण तेव्हा नवं वर्ष कुठे जानेवारीत तर कुठे मार्चमध्ये धरत.

पहिल्या पत्रात हिशेब आहे. ‘परोक्को’ म्हणजे भरूच, ठाण्याहून दहा दिवसांवर, तिथे सुमारे 90 जणांना स्नानसंस्कार. नंतर वीसहून थोडे जास्त. ठाणे ते सोपारा दरम्यान 35. बेरीज दीडशेच्या आत. हजारोंच्या धर्मांतराच्या गोष्टी ऐकल्या असतील तर हा आकडा लक्षात ठेवा. हा त्याचा स्वतःचा आहे. याच पत्रात नवे ब्रदर कुठे पाठवावेत त्याची शिफारस केली आहे: सोपारा, भरूच आणि कोल्लम. तीच तीन नावं, आणि त्यांतलं एक आठ वर्षांनी धर्मप्रांत झालं.

दुसरं पत्र जास्त माणसाचं आहे. समुद्री चाच्यांनी पकडलं, तुरुंगात टाकलं, शिव्या खाल्ल्या, ताप, भूक, आणि अंगावर संघाचा झगाही उरला नाही, कितीतरी दिवस नुसत्या सदऱ्यावर काढले. ज्याची ओळखच काळ्या-पांढऱ्या झग्यावर होती त्याच्यासाठी हे साधं नाही. आणि त्याच पत्रात, एकदम व्यापाऱ्याच्या हिशेबाने, तो सुचवतो: पोपने या समुद्रात दोन गॅली, म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं ठेवली तर किती फायदा होईल, आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचं किती नुकसान! मसाले तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे युरोपात जात आणि जकात सुलतानाला मिळे, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. भक्ती आणि मिरी एकाच पत्रात. बरेच भाविक लेखक हे वाक्य गाळतात. गाळू नये.

साधा ब्रदर बिशप होतो म्हणजे प्रत्यक्षात काय काय होतं?

जॉर्डानसच्या बाबतीत क्रम असा:

1. तो युरोपात परतला. पोप तेव्हा रोममध्ये नव्हे, फ्रान्समधल्या अव्हिन्योंत राहत.
2. 9 ऑगस्ट 1329 ला पोपच्या आज्ञापत्राने कोल्लम धर्मप्रांत निर्माण झाला.
3. 21 ऑगस्ट 1329 ला जॉर्डानसची तिथे नेमणूक झाली.
4. मग दीक्षाविधी. चर्चच्या जुन्या नियमाप्रमाणे नव्या बिशपला तीन बिशपांनी मिळून दीक्षा द्यायची असते. इथेच दूरच्या धर्मप्रांतांची गाडी अडायची. कोल्लमच्या आसपास लॅटिन बिशप एकही नाही, म्हणजे उमेदवाराने युरोपला यायचं किंवा इराणात गाठायचं. आसनावरचा बिशप वारला तर पुढचा यायला वर्षं लागणार, आणि बऱ्याचदा पुढचा येतच नसे.
5. ओळखपत्रं. पोपने कोल्लमच्या नसराणी, म्हणजे केरळातल्या जुन्या स्थानिक, ख्रिस्ती लोकांच्या प्रमुखाला पत्र दिलं: हा आमचा माणूस, याला सांभाळा.

कोल्लमचं आसन स्वतंत्र नव्हतं. ते इराणातल्या सुलतानिया महाधर्मप्रांताखाली होतं. हा महाधर्मप्रांत 1318 मध्ये स्थापून डॉमिनिकनांकडे सोपवला होता, चीन फ्रान्सिस्कनांकडे. जॉर्डानस निघाला तेव्हा त्याच्याकडे आणि समरकंदचा नवा बिशप थॉमस याच्याकडे एक पार्सल होतं: सुलतानियाचे आर्चबिशप जॉन यांच्यासाठी पॅलियम. पॅलियम म्हणजे पांढऱ्या लोकरीची, काळे क्रूस असलेली खांद्यावरची पट्टी. ती पोपकडून आल्याशिवाय आर्चबिशपचा अधिकार पुरा होत नाही. एक लोकरी पट्टी, आणि ती पोहोचवायला दोन बिशप.

बिशप झाल्यावर दारिद्र्याच्या व्रताचं काय?

व्रत सुटत नाही, व्यवहार बदलतो. संघप्रमुखाची आज्ञा त्याच्यावर पूर्वीसारखी चालत नाही, तो थेट पोपला आणि आर्चबिशपला जबाबदार. झगा संघाचाच. पैसा वापरता येतो, पण तो धर्मप्रांताचा, त्याचा नव्हे. युरोपातल्या बिशपला जमिनी, दशमांश, न्यायालयाची फी असं उत्पन्न असे. कोल्लमला यातलं काहीच नाही. तिथल्या उत्पन्नाची वाट वेगळी होती, ती खाली येईलच.

त्याचं पुस्तक वाचण्यासारखं आहे का?

नक्की. लॅटिन नाव ‘मिराबिलिया देस्क्रिप्ता’, साधारण ‘पाहिलेल्या नवलांचं वर्णन’. आकाराने लहान आहे. मूळ लॅटिन 1839 मध्ये पॅरिसला छापलं गेलं, हेन्री यूलचं इंग्रजी भाषांतर 1863 चं.

वाचताना एकच युक्ती: त्याने भारताचे तीन भाग केलेत. ‘लहान भारत’ सिंधपासून मलबारपर्यंत, म्हणजे यात कोकण आलं. ‘मोठा भारत’ मलबारपासून पुढे पूर्वेकडे. ‘तिसरा भारत’ म्हणजे पूर्व आफ्रिकेची बाजू, जिथे आपण गेलोच नाही असं तो स्वतः सांगतो. पहिल्या दोन भागांत डोळ्यांनी पाहिलेलं जास्त. तिसऱ्यात डोक्यात रत्नं असलेले ड्रॅगन सुरू होतात. हा माणूस पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ करत नाही, हाच त्याचा मोठा गुण. ड्रॅगनचं पान दाखवून सगळं पुस्तक थापा ठरवणारे हा फरक पाहतच नाहीत.

कोकणाबद्दल काय लिहिलंय?

पाऊस: वर्षात तीनच महिने पडतो, मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आपल्या हिशेबाने मृग नक्षत्राच्या तीन आठवडे आधी, पण तो जुन्या ज्युलियन पंचांगाच्या तारखा देतोय. चौदाव्या शतकात त्यांत सुमारे आठ दिवस मिळवावे लागतात. म्हणजे मेअखेर ते ऑगस्टअखेर. एवढं धरलं तर माणूस फारसा चुकलेला नाही.

बैल: सगळी कामं बैल करतात आणि लोक त्याला पित्यासारखा मान देतात.

पारशी: अग्नीची पूजा करणारे लोक, जे मृतांना पुरत नाहीत, जाळत नाहीत, तर छप्पर नसलेल्या बुरुजात पक्ष्यांसाठी उघडं ठेवतात. चांगलं आणि वाईट अशी दोन मूळ तत्त्वं मानतात हेही त्याने नोंदवलंय. परक्या धर्माबद्दल त्या काळच्या मिशनऱ्याने एवढं नेमकं लिहिणं दुर्मीळ.

फळं: प्लमसारखं पण खूप मोठं एक फळ, नाव ‘अनिबा’, इतकं गोड की तोंडाने सांगता येत नाही. आणि झाडाच्या खोडाला लागणारं एक प्रचंड फळ, ‘चाकी’, एक फळ पाच जणांना पुरतं. आता शब्द पाहा. चाकी म्हणजे मल्याळम ‘चक्का’, फणस. पण आंब्याला मल्याळममध्ये ‘मांगा’. ‘अनिबा’ त्याच्याशी जुळत नाही, आपल्या ‘आंब्या’शी जुळतो. त्यावरून आमचा अंदाज असा की फणसाचं नाव त्याने मलबारात विचारलं, आंब्याचं मात्र इकडे.

मिरी: युरोपात तेव्हा समज होता की मिरी काळी होते कारण खाली आग लावतात. जॉर्डानस सरळ म्हणतो, हे खोटं. वेल आयव्हीसारखी झाडावर चढते, रानद्राक्षासारखे घोस येतात, आधी हिरवे, पिकले की काळे आणि सुरकुतलेले.

मराठ्यांचा उल्लेख आहे म्हणतात, खरं का?

खरं. मोठ्या भारतातल्या राजांची यादी देताना तो लिहितो की ‘मराठा’ नावाचं एक राज्य आहे आणि ते फार मोठं आहे. एवढंच, एक वाक्य. पण हे साधारण 1328-30 चं लेखन आहे, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या तीनशे वर्षं आधीचं. इथे ‘मराठा’ म्हणजे जात किंवा पुढचं मराठी साम्राज्य नव्हे, प्रदेश. यातून जास्त काही ओढून काढू नये.

वसईचा ख्रिस्ती समाज जॉर्डानसपासून सुरू झाला का?

नाही, निदान तशी सलग साखळी दाखवता येत नाही. वसईचा आजचा कॅथलिक समाज पोर्तुगीज काळातला. वसई त्यांच्याकडे डिसेंबर 1534 च्या तहाने आली. मध्ये दोनशे वर्षांची फट आहे. पण उत्तर कोकणात ख्रिस्ती लोक जॉर्डानसच्याही आधी होते. नेस्तोरियन घरं त्याला तयारच मिळाली, आणि सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस ‘कॅलियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. हे कॅलियाना म्हणजे कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात.

त्याचा शेवट कसा झाला?

1330 मध्ये तो पूर्वेकडे निघाला, त्यानंतर समकालीन कागदांत त्याचा माग लागत नाही. ‘1336 मध्ये मुंबईजवळ दगडांनी मारलं’ हे वाक्य बरंच फिरतं. त्याला त्या काळचा आधार नाही.

कोल्लमला मात्र खूण सापडते. पोपचा दूत जिओव्हान्नी दे मारिन्योल्ली चीनहून परतताना 1340 च्या दशकाच्या शेवटी तिथे वर्षाहून जास्त राहिला. तिथे त्याला लॅटिन पंथाचं संत जॉर्जचं चर्च मिळालं. मिऱ्यांच्या सार्वजनिक काट्यावर ख्रिस्ती लोकांचा हक्क होता, आणि त्या उत्पन्नातून त्याला दरमहा 100 सोन्याचे फणम (तिकडचं छोटं नाणं) मिळत. निघताना आणखी 1000 दिले. कोल्लमच्या आसनाचा खरा आधार होता तो मिऱ्यांचा तराजू. लॅटिन धर्मप्रांत म्हणून कोल्लम पुन्हा उभं राहिलं ते थेट 1886 मध्ये.

सोपाऱ्याला गेलं तर काय दिसेल?

पालघर जिल्ह्यातलं नालासोपारा. पश्चिम रेल्वेच्या विरार लोकलने उतरायचं. बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप पाहता येतो. तो 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावातून मिळाला. चार ब्रदरना जिथे पुरलं त्या चर्चची मात्र आज एकही भिंत दाखवता येत नाही. कोणी ‘हीच ती जागा’ म्हणून बोट दाखवलं तर आधी कशावरून ते विचारा.